पुण्यात बघण्यासारखं: चिचुंद्रीचे दात

पुण्याला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, सिंहगड केला का, शनिवारवाडा बघितला का. केला, बघितला. गडावर अशी झुंबड होती की पिठलं-भाकरी उभ्याउभ्याच पोटात ढकलली आणि खाली उतरलो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघ झोपलेला होता. मेट्रो छान आहे. रिक्षांबद्दल बोलायला नको.

लिहायला बसलोय ते एका कपाटामुळे. मावशीच्या वाड्यातला एक मुलगा प्राणिशास्त्रात एमएस्सी करतो, त्याच्या ओळखीनं एका जुन्या कॉलेजच्या संग्रहालयात शिरलो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे. लांबट खोली, फॉर्मॅलिनचा वास, पंखे बंद. पोरं फोटो काढायला सापांच्या बरण्यांपुढे थांबतात, त्यामुळे कोपऱ्यातल्या या कपाटाची काच धुळीनं आंधळी झालेली.

पाटी होती 'गण: कीटकभक्षी'. खालच्या फळीवर बरणीत चिचुंद्री. तिच्या शेजारी गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखातला हेजहॉग, पेंढा भरलेला आणि निम्मे काटे गळालेला. वर दक्षिण भारतातला ट्रीश्रू, दिसायला थेट खार. भिंतीवरच्या तक्त्यात तर याच गणात मादागास्करचे टेनरेक, आफ्रिकेतले गोल्डन मोल आणि सोंडेसारख्या नाकाचे एलिफंट श्रूही बसवलेले. अंग लहान, नाक लांब, खाणं किडे, एवढ्यावर सोयरीक जुळवून टाकली.

माझं डोकं फिरलं. खाणं सारखं म्हणून रक्त एक होत नाही, हे अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्याही लक्षात आलं होतं. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथली पिशवी, म्हणजे अंधनाल, कुणाला आहे आणि कुणाला नाही हे बघून त्यानं १८६६ सालीच यांच्यात वाटणी केली. ट्रीश्रू आणि एलिफंट श्रू एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. पुढे १९९०च्या दशकात डीएनए तपासला गेला आणि राहिलेलं घरही फुटलं. टेनरेक आणि गोल्डन मोल निघाले हत्ती-समुद्रगायींच्या आफ्रिकी शाखेतले, एलिफंट श्रूही तिकडचेच. ट्रीश्रू गेला माकडांच्या बाजूला. मूळ घरात राहिली चार कुळं: चिचुंद्र्या, जमीन पोखरणारे मोल, हेजहॉग आणि कॅरिबियन बेटांवरचा विषारी लाळेचा सोलेनोडॉन. या गणाला आता युलिपोटिफ्ला म्हणतात. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण तक्त्यावर कुणी साधी चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली नाही. तिथल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, पोरं परीक्षेला हाच पाठ करतात. नवा पाहिजे तर अर्ज करावा लागतो."

मामा माणूस मात्र दिलदार. एवढ्या दुरून कुणी चिचुंद्रीसाठी भांडायला आलंय याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं. चहा सांगितला आणि ड्रॉवरमधून कापसात गुंडाळलेली कवटी काढून हातात भिंग दिलं.

बोटाच्या दोन पेरांएवढी कवटी. पुढचा वरचा दात आकड्यासारखा खाली वळलेला. त्याच्यामागे बारीक एकेरी टोकाचे चार दात, शेवटचा तर इतका चिमुकला की भिंग हलवून शोधावा लागला. हे चार मोजायचेच असतात, कारण चिचुंद्रीच्या सनकस प्रजातीत ते चार आणि तिच्या चुलत्या क्रोसिड्युरात तीन. त्यांच्यामागे दाढा, वर धारदार नक्षी, झुरळाचं कवच फोडायला. मामांनी शेजारी उंदराची कवटी ठेवली. पुढे पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात तशी फटच नाही. गालावरची हाडाची कमानही नाही. एवढं डोळ्यांसमोर असताना तिला उंदीर कसं म्हणायचं, सांगा.

मामा म्हणाले, याहून बारीक चिचुंद्री असते, पण त्यांच्याकडे नाही. ती एट्रुस्कन चिचुंद्री, भारतातही सापडते. वजन जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्मं. वजनात जगातला सगळ्यात लहान सस्तन प्राणी. काळीज मिनिटाला हजाराहून जास्त वेळा धडधडतं, त्यामुळे खाण्यात फार खंड पडून चालत नाही.

मावशीच्या वाड्यात मोरी अजून मागच्या अंगाला आहे. पाहुण्यांची झोपायची सोय मोरीच्या दाराशी करतात, याबद्दलचं माझं मत मी तिला सांगितलेलं नाही. रात्री कस्तुरीचा उग्र वास आला. चिचुंद्रीच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना गंधग्रंथी असतात, त्याचा तो वास. मग बारीक चिक्‌चिक्‌. चिचुंद्री भिंत धरून चालली होती. मोरीच्या मधून आडवी जायची नाही, कोपरा आला की कोपऱ्याकोपऱ्यानं वळायची. नाक सारखं हलतंय, जाड शेपटीवर विरळ लांब केस. बादलीमागचं झुरळ तिनं डोक्याकडून खायला घेतलं. कुरकुर आवाज माझ्या अंथरुणापर्यंत आला. पंख तिथेच टाकून ती मोरीच्या भोकातून गेली.

सकाळी बघतो तर मावशीनं उंदीर चिकटवायचा पुठ्ठा आणून ठेवलेला.

"अगं, ही उंदीर नाही. झुरळं खाते तुझी."

"माहितीये. पावसाळ्यात पिल्लं मागच्या अंगणातनं नेते, एकानं दुसऱ्याच्या ढुंगणाचे केस धरलेले, आगगाडीसारखी रांग. बोकासुद्धा मारतो आणि तोंड न लावता टाकून देतो. पण शेपूट आहे, भोकातनं येते, म्हणजे उंदीरच."

"उंदीर नात्यानं तुला-मला जवळचा. उंदीर, ससे, ट्रीश्रू, माकडं आणि आपण एका शाखेवरचे. चिचुंद्री दुसरीकडची. वटवाघळं, मांजरं, गाई-म्हशी तिच्या बाजूच्या."

मावशीनं गॅस बारीक केला. "म्हणजे उंदीर माझे भाऊबंद आणि ही गाईकडची?"

"लांबून, पण हो."

"मग जा, हा पुठ्ठा दुकानदार परत घेतो का बघ. नाही घेतला तर वरच्या बिऱ्हाडाला दे. त्यांच्याकडे माझे भाऊबंद फार झालेत."