‘येताना सीट घेऊन ये’ म्हणण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट निघालं की लातूर-परभणीकडून फर्माइशी सुरू होतात. चॉकलेटं आणि परफ्यूम आता तिकडेही मिळतात, म्हणून हल्ली यादीत सायकलचं सामान असतं आणि त्यात सीट हमखास. ‘भाऊ, हॉलंडमध्ये तर सगळेच सायकलवर हिंडतात, तिथली एखादी चांगली मऊ सीट आण.’ मागणी रास्त आहे, पण मऊपणाची अट सोडून द्या. आणि ‘तिथली’ सीट म्हणजे नेमकी कुठली, हेही आधी ठरवायला हवं.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत हे खरं. पण इथला सामान्य माणूस सायकलवर चार-पाच किलोमीटर जातो, तोही सपाट रस्त्यावर, खुर्चीत बसल्यासारखा ताठ. हँडल उंच आणि अंगाकडे वळलेलं असतं. शरीराचा जवळजवळ सगळा भार सीटवर येतो, म्हणून इथल्या शहरी सीटा वीस सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद आणि खाली स्प्रिंगवाल्या असतात. त्या वापरासाठी त्या उत्तम आहेत. तीच सीट संभाजीनगरहून पहाटे वेरूळला निघणाऱ्याच्या गिअरच्या सायकलला लावली, तर दौलताबादचा घाट येईपर्यंत मांड्यांच्या आतल्या बाजू सोलवटून निघतील. तो वाकून बसतो, भार हात, पाय आणि सीट असा तिघांत वाटला जातो, पायडल मारणारी मांडी सीटच्या कडेला सतत घासते. त्याला अरुंद सीट लागते.

आता मऊपणाचं. आपण बसतो ते ओटीपोटाच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर. त्यांना बैठकीची हाडं म्हणू. भार या हाडांवर राहिला तर माणूस तासन्‌तास बसू शकतो. सीटवर जाड जेल असलं की दुकानात अंगठ्याने दाबून फार बरं वाटतं, पण सायकलवर दोन्ही हाडं त्यात रुततात आणि बाजूला सरकलेलं जेल मधोमध वर येतं. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. अर्ध्या तासाने मुंग्या येतात, मग बधिरपणा. बाजारात मिळणारं जेलचं सीट कव्हर हेच करतं, वर ते सरकतं ते वेगळंच. आठवडी बाजारापर्यंत जायला चालेल. वीस किलोमीटरच्या पुढे नको.

माप घरीच निघतं

इथल्या काही दुकानांत चाचणीची सीट आठ-पंधरा दिवस वापरून परत करता येते. परभणीत बसून मागवणाऱ्याला ती सोय नाही, म्हणून माप आधी घेतलेलं बरं. टीव्ही किंवा कुलरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, घड्या न पडलेला. तो कडक पाटावर किंवा पायरीवर ठेवा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यायला हवेत. पातळ कपड्यात बसा, सायकलवर वाकता तितकं पुढे वाका, हाताने पाट वर ओढल्यासारखा जोर लावा आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खड्डे दिसतील. दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा, खड्ड्याची जागा कोरी राहते. दोन्ही खड्ड्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. पुठ्ठा बदलून हेच तीनदा करा. तिन्ही आकडे जवळपास आले तरच विश्वास ठेवा.

बहुतेकांचं हे अंतर 100 ते 150 मिलिमीटरच्या दरम्यान येतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त असतं, पण फरक इतका नाही की न मोजता ‘लेडीज सीट’ घेऊन टाकावी. उंची आणि वजनावरून तर अंदाजच बांधू नका. भरदार माणसाची हाडं जवळ असू शकतात आणि किडकिडीत माणसाची लांब.

या आकड्यात बसण्याच्या ढबीप्रमाणे भर घालायची. रेसरसारखं पार वाकून बसणाऱ्याने 10 मिलिमीटर, मध्यम वाकणाऱ्याने 20, थोडंसंच वाकणाऱ्याने 30 आणि ताठ बसणाऱ्याने 40. म्हणजे माप 118 आलं आणि तुम्ही हायब्रिड सायकलवर थोडंसं वाकून बसत असाल, तर 148 च्या आसपासची सीट हवी. वाकल्यावर भर कमी का घालायची? बैठकीची हाडं पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येत जातात. जितकं वाकाल तितका भार त्या अरुंद भागावर सरकतो.

कातडी सीटसाठी आणखी एक हिशोब धरा. तिच्या मागच्या कडेला लोखंडी पट्टी आणि रिबिटा असतात. हाड त्या पट्टीवर आलं तर कितीही किलोमीटर मारा, ते दुखणारच. दोन्ही कडांपासून साधारण दोन सेंटीमीटर सोडून हाडं आत यायला हवीत. कातडी सीटा बनवणाऱ्या ब्रुक्स या इंग्लिश कंपनीची प्रसिद्ध बी-17 सुमारे 175 मिलिमीटर रुंद असते, तेव्हा 135 पर्यंत माप असणाऱ्याला ती चालावी. त्याहून रुंद मापाला स्प्रिंगवाली बी-67 बघावी, पण ती ताठ बसणाऱ्यांची सीट आहे.

मागवण्यापूर्वी आपल्या सीटच्या पाइपचा फोटो आणणाऱ्याला पाठवा. गिअरच्या सायकलीत पाइपच्या डोक्यावर पकड असते आणि तिच्यात 7 मिलिमीटर जाडीच्या दोन समांतर सळया बसतात. आजच्या बहुतेक सीटा याच मापाच्या. जुन्या काळ्या सायकलीत पाइपचं टोक गुळगुळीत असतं आणि त्यावर दाते असलेला वेगळा क्लॅम्प येतो. तो क्लॅम्प इथून मागवावा लागत नाही, गुजरी बाजारातही सापडतो. मात्र त्याचे दाते झिजलेले नसावेत, नाहीतर सीट खड्ड्यात आपटली की नाक वर करते. बी-66 ही दिसायला बी-67 सारखीच, पण तिच्या सळया दुहेरी आहेत. ती नव्या पाइपवर बसत नाही. स्वस्तात दिसते म्हणून घेणारे इथेच फसतात.

कातडं बसतं कसं

ब्रुक्सची सुरुवात 1866 मध्ये बर्मिंगहॅमची, कातडी सामान करणारा कारखाना म्हणून. आता कंपनी इटलीच्या सेले रॉयलकडे असली, तरी कातडी सीटा अजून बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्येच बनतात. रचना दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही: पुढे नाक, मागे पट्टी, आणि दोहोंमध्ये जाड कातडं झोळीसारखं ताणलेलं. खाली काहीच आधार नाही. हाडांच्या भाराने ते दोन ठिकाणी हळूहळू दबतं आणि त्या माणसापुरतं घडतं. म्हणून वापरलेली कातडी सीट दुसऱ्याला देण्यात फारसा अर्थ नाही.

घरात कातड्याचं वावडं असेल तर आधीच बोलून घ्या. ही गाईची कातडी आहे, आणि तिला लावायच्या प्रूफाइड मलमातही चरबी असते. याच कंपनीची कॅम्बियम नावाची सीट रबराची असून वर कापड असतं. ती मुरवावी लागत नाही आणि पावसालाही दाद देत नाही, पण ती तुमच्या मापाने घडतही नाही.

तिकडून सर्वांत जास्त विचारलं जाणारं म्हणजे, एरंडेल किंवा खोबरेल लावून लवकर मऊ करता येईल का? नवी चप्पल चावायला लागली की तेल लावतात, तेच डोक्यात असतं. पण चप्पलेच्या पट्ट्याला फक्त पाऊल धरायचं असतं, भार तळवा घेतो. सीटचं कातडं अधांतरी ताणलेलं आहे आणि सगळा भार त्याच्यावरच. तेल तंतूंत मुरलं की ते सैल पडतं आणि काही महिन्यांत सीट मधोमध लोंबते. भिजवून वर बसणं हा त्याहून वाईट उपाय. इंटरनेटवर दोन्ही सापडतील; दोन्ही टाळा.

प्रूफाइड बोटाने लावायचं: खालच्या खरबरीत बाजूला सढळ हाताने, वरून पातळ. रात्रभर ठेवून सकाळी सुती फडक्याने चकचकीत पुसायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं तीन-चार वेळा, पुढे वर्षातून दोनदा पुष्कळ झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मलम लगेच वितळून आत जातं, म्हणून कमी पडलं असं वाटतं आणि लोक पुन्हा पुन्हा लावत बसतात. तेही जादाच होतं.

मुरायला किती? पाचशे किलोमीटरच्या आसपास धरा. कातडं जाड आणि माणूस हलका असेल तर त्याहून जास्त. सुरुवातीला दहा-वीस किलोमीटरच्या फेऱ्या, रोज किंवा दिवसाआड. नवी सीट लावून थेट 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, जाणं म्हणजे साडेतेरा तासांची शिक्षा ओढवून घेणं. दुसरं, काळी किंवा मधाळ रंगाची नवी सीट कपड्याला रंग लावते. पांढरा पायजमा घालून बसू नका.

या काळात उंची आणि कल अचूक हवा, नाहीतर कातडं चुकीच्या जागी दबून घडतं. उंचीसाठी साधी कसोटी: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. आकड्यात हवं असेल तर पायाच्या आतल्या बाजूची, जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी 0.883 ने गुणा. पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवा. 80 सेंटीमीटरच्या पायाला 70.6 येतं. कातडं दबलं की उंची काही मिलिमीटरने आपोआप कमी होते, तेव्हा महिन्याभराने पुन्हा मोजा. प्लास्टिकच्या सीटला पाणसळ लावून सपाट ठेवतात. कातडी सीटचं नाक मात्र केसभर वर असावं, कारण झोळीचा खोलगटपणा मागे असतो आणि सपाट ठेवली तर माणूस पुढे घसरतो. घसरला की हातांवर भार येतो, तळहात बधिर होतात आणि दोष हँडलला मिळतो. नाक फार वर गेलं तर मधला नाजूक भाग दाबला जातो. एका वेळी एकच बदल करा, पाइपवर चिकटपट्टीने खूण करा, दोन-तीन फेऱ्या मारून मगच पुढचा.

ब्रुक्सची एक खरी अडचण म्हणजे तिच्या सळयांचा सरळ भाग आखूड असतो. सीट हवी तितकी मागे सरकत नाही आणि उंच माणसाला कोंडल्यासारखं होतं. त्याला मागे वळलेलं डोकं असलेला पाइप घ्यावा लागतो. तो घेताना पाइपची जाडी बघा, 27.2 मिलिमीटर सर्रास दिसते, पण सगळ्यांची तीच नसते.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. पहिले आठ-दहा दिवस दोन ठिकाणी, हाडांवर ठणकतं आणि रोज थोडं कमी होतं, ते चालायचंच. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर लगेच उतरा आणि सीटचा कल तपासा, बधिरपणा सहन करून जात नाही. एकाच बाजूची कातडी सोलत असेल तर बहुधा सीट उंच आहे आणि पायडल मारताना कंबर डुलते. सीट चांगली असली तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून रक्ताला वाट द्यावी. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालू नका. शिवण घामाने ओली होऊन तिथेच फोड येतात. शॉर्ट्स प्रत्येक फेरीनंतर धुवा आणि उलट्या करून उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही.

ऊन, घाम आणि काळी माती

कातडी सीटची नेदरलँड्समधली सगळी काळजी पावसाभोवती फिरते. डच लोक सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवून सायकल उभी करतात. मराठवाड्यात आठ महिने शत्रू वेगळा आहे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभी केलेली सीट कोरडी पडते, आणि कोरडं कातडं रिबिटांपाशी तडकतं. सावलीत लावा, जमत नसेल तर ओलसर नसलेलं सुती फडकं टाका. उन्हात प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. बंद कारच्या डिकीत तर ठेवूच नका. फेरीनंतर घामाचं मीठ किंचित ओल्या कापडाने पुसून घ्या.

पावसाळ्यात वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा खालून उडणारं पाणी जास्त छळतं, कारण खालची बाजू उघडी असते. मडगार्ड हा साधा उपाय, पण काळ्या रानातून जाणाऱ्यांना माहीत आहे की मडगार्ड आणि टायरमध्ये चिखल गच्च भरतो आणि चाक फिरेनासं होतं. म्हणून पुष्कळजण मडगार्ड काढून ठेवतात. तेव्हा पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमधून तीस बाय बारा सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि सळयांमधून सीटखाली अडकवा; चाकाच्या बाजूला थोडा बाहेर राहू द्या. एवढं करूनही सीट भिजली, तर तिच्यावर बसू नका. ओलं कातडं ताणतं आणि तसंच वाळतं. पंख्याखाली, सावलीत, सावकाश वाळवा. हेअर ड्रायर किंवा चूल नको. पूर्ण वाळल्यावरच मलम.

नाकाच्या आत ताण द्यायचा बोल्ट असतो. नवीन सीट कडक वाटते म्हणून तो सैल करायचा नाही, आणि दर महिन्याला आवळायचाही नाही. सीट इतकी दबली की बसल्यावर कातडं खालच्या सळयांना टेकायला लागलं, तरच पाव फेरा आवळा, आठवडाभर चालवा, मग बघा. एकदम दोन फेरे आवळले की नाकापाशी कातडं फाटतं. कडेचे पदर बाहेर फाकून मांडीला लागत असतील, तर चपला शिवणाऱ्याकडून दोन्ही पदरांना चार-चार भोकं पाडून खालून दोरीने बांधून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि सीट कित्येक वर्षं पुढे जाते.

त्या बोल्टला नेहमीचा पाना नीट बसत नाही. सीटचा चपटा पाना आणि प्रूफाइडची डबी मागवायला विसरू नका, आणि आणणाऱ्याला सांगा की पाना चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या नको.