एकच गणित, दोनदा विचारलेलं

पीयू पहिल्या वर्षाच्या (कर्नाटकात दहावीनंतरची दोन वर्षं पीयूची, म्हणजे अकरावी-बारावी) भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक पेपर बाजूला काढून ठेवावा लागला. मुलगी खानापूर तालुक्यातली, पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. प्रश्नात जिथं नुसती अक्षरं आणि आकडे होते तिथं तिची एकही चूक नव्हती. जिथं प्रश्न तीन ओळींचा होता तिथं कागद कोरा. विषय न येणारं मूल जागा सहसा कोरी सोडत नाही. ते आठवेल ते सूत्र लिहितं, दिसतील ते आकडे त्यात घालतं आणि काहीतरी उत्तर काढतं. ओळीने सगळे शाब्दिक प्रश्न कोरे असतील, तर अडचण प्रश्नापर्यंत पोचण्यातच आहे अशी शंका घ्यायला हवी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशी मुलं दरवर्षी येतात. दहावीला, म्हणजे एसएसएलसीला, गणित आणि विज्ञानाचा ८० गुणांचा लेखी पेपर त्यांना मराठीत छापून मिळतो. वर पेपर वाचायला १५ मिनिटं वेगळी असतात. पीयूला विज्ञान शाखा घेतली की पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, पेपर इंग्रजी. राज्यघटनेचा ३५० अ हा अनुच्छेद मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलतो, पण तो प्राथमिक टप्प्यापुरता. अपंग विद्यार्थ्यांना परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळण्याचे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. भाषा नुकतीच बदललेल्या मुलासाठी मात्र आपल्याकडे तसं काहीच नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या कारणानं आला, स्थलांतरितांच्या मुलांमुळे. तिथल्या २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्यानुसार इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना राज्याच्या परीक्षेत योग्य त्या सवलती द्याव्या लागतात. कॉलेजप्रवेशासाठीच्या, शाळेत घेतल्या जाणाऱ्या एसएटी परीक्षेत अशा मुलांना दीडपट वेळ, सूचनांचं भाषांतर आणि शब्दसूची मिळू शकते. या सूचीची अट महत्त्वाची आहे: शब्दाला फक्त प्रतिशब्द, व्याख्या नाही. व्याख्या दिली की सूची उत्तर सांगायला लागते. त्या मुलीसारख्यांची अडचण भाषेची की विषयाची, हे बघायला आम्ही वर्गाची एक चाचणी घेतली. तिच्यासाठी ही अट आम्ही जशीच्या तशी घेतली.

चाचणी सरावाची होती, तिचे गुण कुठेही धरायचे नव्हते. प्राचार्यांची लेखी परवानगी घेतली, कारण काही मुलांना जादा वेळ दिला की पालक विचारतात, आणि ते विचारणं रास्त आहे.

पेपर जोडीच्या प्रश्नांचा केला. सहा गणितं, प्रत्येक दोन रूपांत. एकदा नुसतं: सुरुवातीचा वेग शून्य, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग, वेळ ६ सेकंद, अंतर काढा. उत्तर ३६ मीटर. दुसऱ्यांदा तेच गणित वाक्यात: एक स्कूटर 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट', वेग 'युनिफॉर्मली' वाढतो, ठरावीक सेकंद 'इलॅप्स' होईपर्यंत ती किती दूर जाते. दोन्ही रूपांतले आकडे वेगळे ठेवले, पण दोन्हीकडे भागाकार सुटसुटीत येतील असे. नाहीतर वाक्य कळूनही हिशेबात अडकलेलं मूल आणि वाक्यातच अडकलेलं मूल यांत फरक करता येत नाही. शाब्दिक भाग आधी द्यायचा, गोळा करायचा आणि मगच नुसत्या आकड्यांचा भाग वाटायचा. उलट केलं तर मुलं दुसऱ्या भागात पहिल्या भागाचा साचा शोधतात.

शब्दसूची ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढीच. पानं उलटावी लागली तर ती मदत राहत नाही, दुसरा पेपर होतो. शब्द आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून वेचले. खरी अडचण शास्त्रीय शब्दांची नसते. 'ॲक्सिलरेशन' वर्गात रोज कानावर पडतं. अडवतात ते न शिकवलेले शब्द: 'रिस्पेक्टिव्हली', 'नेग्लेक्टिंग', 'इनिशियली', 'ॲट लीस्ट', 'हेन्स'. त्यातही शब्दसमूह सुटे देऊन चालत नाही. 'कम्स टू रेस्ट'मधला एकेक शब्द माहीत असूनही मुलगा विश्रांतीपाशी थांबतो. म्हणून तो अख्खा एका ओळीत, समोर 'थांबते'. 'पिक्स अप स्पीड' एका ओळीत, समोर 'वेग वाढतो'.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सूचीतून उत्तर गळू नये यासाठी. एका गणितात गाडी ताशी नव्हे, सेकंदाला २० मीटरनं जाते, ब्रेक दाबल्यावर ५० मीटरवर थांबते आणि 'रिटार्डेशन' विचारलं आहे. सूचीत त्यापुढे 'ऋण त्वरण' लिहिलं असतं तर उणे चिन्ह आपणच हातात दिलं असतं, आणि ते चिन्ह कळतं की नाही हेच तर तपासायचं होतं. तिथं 'मंदन' लिहिलं. प्रत्येक शब्दाला हा एकच प्रश्न विचारायचा: प्रतिशब्द वाचून विषय न येणाऱ्याला गुण मिळतील का? मिळत असतील तर शब्द बदला किंवा काढून टाका. प्रतिशब्दही मुलांच्या दहावीच्या पुस्तकातलेच घ्यावेत. कर्नाटकच्या मराठी माध्यमाचं पुस्तक आणि महाराष्ट्राचं पुस्तक ही वेगळी पुस्तकं आहेत. कोल्हापूरहून आणलेला शब्दकोश इथं परका ठरू शकतो.

सूची आली की वेळ वाढवावाच लागतो. कागद बघणं, शब्द शोधणं, परत प्रश्नावर येणं यात वेळ जातो. नुसती सूची देऊन वेळ तेवढाच ठेवला तर मूल आहे त्यापेक्षा मागे पडू शकतं. शाब्दिक भागाला ४० मिनिटं आणि वर २० जादा, म्हणजे दीडपट. चाळिसाव्या मिनिटाला सगळ्यांनी निळं पेन खाली ठेवायचं आणि काळं घ्यायचं. जादा वेळेनं नेमकं काय दिलं हे मग उत्तरपत्रिकाच सांगते, अंदाज करावा लागत नाही. हा वेळ सगळ्या वर्गाला दिला, इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनाही.

पर्यवेक्षणाला भौतिकशास्त्राचं कुणी ठेवलं नाही. विषय जाणणारा माणूस प्रश्न वाचून दाखवताना नकळत 'फ्रॉम रेस्ट'वर जोर देतो, आणि तेवढ्यानं काम होतं. इतिहासाच्या मॅडम आल्या. त्यांना सांगितलं होतं: कुणी मागितलं तर प्रश्न सपाट आवाजात दोनदा वाचायचा. अर्थ सांगायचा नाही, मान हलवायची नाही. असल्या चाचण्या बिघडतात त्या बहुधा इथंच. मुलाचा चेहरा बघून माणसाला राहवत नाही, तो दोन शब्द मराठीत सांगून जातो, आणि मग त्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही.

पेपर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. शहरातला, घरात अस्सल बेळगावी मराठी, पण शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. त्यानं सूचीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे 'विस्थापन' म्हणजे काय ओ? कळंना झालंय." 'डिस्प्लेसमेंट' हा इंग्रजी शब्द त्याला येत होता, मराठी येत नव्हता. घरी मराठी म्हणजे मराठी सूची हा हिशेब तिथंच कोसळला. सवलत घरच्या भाषेवरून ठरवायची नसते. मूल विषय ज्या भाषेत शिकलं तिच्यावरून ठरवायची असते. अमेरिकेतल्या काही अभ्यासांतही हेच दिसलेलं आहे: शिकवणं ज्या भाषेत झालं नाही त्या भाषेतली मदत उपयोगी पडत नाही, आणि सूचीइतकंच किंवा त्याहून अधिक काम प्रश्नाची भाषा सोपी केल्यानं होतं. या मुलाची गरज तीच होती, वाक्यं आखूड करण्याची.

वर्गात कन्नड माध्यमातून आलेली मुलंही होती, हुक्केरी आणि रायबागकडची. त्यांची सूची कन्नड शिकवणाऱ्या सरांनी बघून दिली. कन्नड पुस्तकात 'ॲक्सिलरेशन'ला वेगोत्कर्ष म्हणतात आणि 'स्पीड'ला जव. मराठी सूची लिप्यंतर करून त्यांच्या हाती दिली असती तर गोंधळ वाढला असता. सीमाभागातल्या कॉलेजात सवलतीचा पहिला कागद म्हणजे प्रवेशाच्या वेळी भरून घ्यायचा तक्ता: पहिली ते चौथी कुठलं माध्यम, पाचवी ते सातवी कुठलं, आठवी ते दहावी कुठलं, पाढे कुठल्या भाषेत म्हणतोस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच सांगून जातं.

आता त्या मुलीचा पेपर. नुसत्या आकड्यांची सहाही गणितं बरोबर. शाब्दिक सहापैकी पाच बरोबर, त्यातली दोन काळ्या पेनानं. आधीच्या परीक्षेत असल्याच प्रश्नांपुढे तिनं काही लिहिलं नव्हतं. पण मला मोलाचं वाटलं ते सहावं, चुकलेलं गणित. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ वर फेकला, तर जमिनीवर पडायला किती वेळ लागेल. गुरुत्वीय त्वरण १० धरायचं. उत्तर ५ सेकंद. तिनं प्रश्न नीट वाचला होता, आकृती काढली होती, समीकरणही मांडलं होतं. फक्त वरची दिशा धन धरल्यावर जमिनीचं विस्थापन उणे २५ येतं, ते तिनं अधिक २५ घेतलं. चुकीच्या समीकरणाला उत्तरच मिळेना, तिथं ती थांबली. ही चूक भौतिकशास्त्राची आहे. फळ्यावर दहा मिनिटांत दुरुस्त होते, पण ती आधी दिसावी लागते. कोऱ्या कागदावर ती दिसली नसती आणि मुलीच्या नावापुढे 'फिजिक्स कच्चं' एवढंच राहिलं असतं. कितीतरी मुलांच्या नावापुढे तेवढंच राहतं आणि डिसेंबरपर्यंत ती कॉमर्सला जायचं म्हणायला लागतात. याचा मला राग येतो.

उलटंही दिसलं. मराठी माध्यमातल्या दोघांची नुसत्या आकड्यांची गणितंही चुकली होती. त्यांना सूचीचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि व्हायलाही नको. त्यांना गतीची समीकरणंच परत शिकवायची होती. जोडीच्या प्रश्नांमुळे हे दोन गट वेगळे पडतात. नाहीतर दोघांनाही 'इंग्रजी वाचत जा' हा एकच सल्ला मिळतो.

इंग्रजी माध्यमातली बहुतेक मुलं चाळीस मिनिटांच्या आतच संपवून बसली होती. काळ्या पेनाचं त्यांच्या पेपरात जवळजवळ काही नव्हतं. सवलत इतरांवर अन्याय करते का, असं विचारणाऱ्या एका पालकांना हे पेपर नावं झाकून दाखवले.

प्रश्नाची भाषा सोपी करताना काय करायचं आणि कुठं थांबायचं हेही ठरवून घ्यावं लागतं. एका वाक्यात एकच गोष्ट. 'नेग्लेक्टिंग एअर रेझिस्टन्स' हा सुरुवातीचा तुकडा काढून शेवटी वेगळं वाक्य. कर्मणी प्रयोग टाळायचा. मुलाला अनोळखी वस्तू बदलायच्या. पण आकृती द्यायची नाही, कारण चेंडूच्या गणितात आकृती काढणं हेच निम्मं भौतिकशास्त्र आहे. दिशा सांगणारा शब्द गाळायचा नाही. सोपं करताना 'व्हर्टिकली' उडवलं तर गणितच बदलतं.

ही मदत कायम ठेवता येत नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगितलं. सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेंसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं. नीटचा मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो, कर्नाटकातल्या केंद्रांवर प्रादेशिक भाषा कन्नड. म्हणजे बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला प्रत्यक्षात इंग्रजीच घ्यावी लागते, आणि तिथं प्रश्नाला एक मिनिट आहे. म्हणून सूची प्रत्येक चाचणीला निम्म्यावर आणायची, आणि काढलेले शब्द त्या आठवड्यात वर्गात प्रश्नांतून वापरायचे. जादा वेळ आधी २० मिनिटं, मग १०, मग नाही. वेळ आणि सूची एकाच चाचणीत कमी करू नये. गुण घसरले तर कशामुळे ते कळत नाही. सुरुवातीला कारणं मराठीत लिहू द्यायची, पण सूत्र, एकक आणि शेवटचं विधान इंग्रजीत. पीयूच्या अंतिम पेपरात मराठीत लिहिलेलं तपासणाऱ्याला वाचता येईलच असं नाही, म्हणून दुसऱ्या सत्रापासून सगळं इंग्रजीत.

आता रसायनशास्त्राच्या मॅडमना हीच पद्धत वापरायची आहे. त्यांची सूची वेगळी होईल. मूलद्रव्यं आणि संयुगांची नावं तिथं भाषांतरित करायचीच नाहीत, कारण पुढे दोन वर्षं ती इंग्रजीतच लागणार. शब्द हवेत ते प्रयोगाच्या वर्णनातले: 'एक्सेस', 'ड्रॉपवाइज', 'अंटिल नो फर्दर चेंज'. जोडीचे प्रश्नही तिथं फक्त मोलच्या गणितांना जमतील. अभिक्रियेचं वर्णन नुसत्या आकड्यांत विचारता येत नाही, त्या भागासाठी सोप्या वाक्यांचा पेपर वेगळा काढायचं ठरलं आहे.