तुम्ही विचारलंत म्हणून: रॉबिन हूड सोडून लॅक्स्टन का?

भारतातून कोणी आलं की मी त्यांना लॅक्स्टनला नेतो, आणि गाडीत बसल्या बसल्या ठरलेला प्रश्न येतोच, "नॉटिंगहॅमला राहतोस ना, मग रॉबिन हूडचं काहीतरी दाखव की, शेतं काय दाखवतोस?" तर एकदाच लिहून टाकतो.

लॅक्स्टन म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधलं छोटंसं खेडं. चर्च, एक पब, नॉर्मन काळातल्या किल्ल्याची गवताळ टेकडी, बस. खरी गंमत गावाबाहेर आहे. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन अवाढव्य शेतं आणि आत कुठे कुंपण नाही, एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले, म्हणजे चांगली जमीन एकालाच आणि पाणथळ दुसऱ्याला असं होत नाही. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पड, दरवर्षी पाळी बदलते. पट्टे लांबलचक, कारण बैलांचं जड औत वळवणं म्हणजे ताप, जेवढं कमी वळवाल तेवढं बरं.

मध्ययुगात मध्य इंग्लंडातली बरीच गावं अशीच होती. मग जमिनींना कुंपणं पडली, म्हणजे विखुरलेले पट्टे एकत्र करून सामायिक जमिनी एकेकाच्या खाजगी झाल्या, १६०४ ते १९१४ मध्ये पार्लमेंटने त्यासाठी ५,२००च्या वर कायदे केले, सामायिक चराई गेली आणि एक गाय बाळगून राहणाऱ्या गरिबाचे हाल झाले. लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या पुण्याईने नाही हं, इथल्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमेना म्हणून! नंतर १९५२ मध्ये सरकारने घेतलं, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, आता २०२० पासून थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे आहे.

मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेला लॅक्स्टनचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. त्यात पट्टे तर आहेतच, वर औत हाकणारी, कापणी करणारी इवलीशी माणसंसुद्धा काढलीयत. आपल्याकडे सातबाऱ्यावर कोणी बैल काढेल का?

पण मी जातो ते ज्युरीसाठी. नोव्हेंबरच्या शेवटी गावातलेच शेतकरी ज्युरी म्हणून गव्हाच्या शेतात फिरतात, कोणी रस्त्यात किंवा सामायिक गवताच्या पट्ट्यात नांगर घातला असेल तर हद्दीवर खुंट्या ठोकतात, आणि आठवड्याने कोर्ट लीट, म्हणजे मध्ययुगापासूनचं गावातलं जमीनदारी कोर्ट भरतं, त्यात दंड लागतो. अशा बाकीच्या कोर्टांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने गेले, लॅक्स्टनचं तेवढं राहिलं.

गेल्या वर्षी मामा आला होता. आजोळी शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून मामा अकरा वर्षं तारखांना जातोय, बांध किती तर दोन हात. लॅक्स्टनच्या त्या गवतावर तो पावलं मोजत चालला, वाकून खुंटी हलवून पाहिली, काही बोलला नाही. पबमध्ये बसल्यावर म्हणाला, "दंड किती?"

"थोडेफार पौंड."

"आणि भरतात?"

"भरतात."

चिप्स गार होईपर्यंत तो गप्प. मग हळूच, "मोजायला टेप कुणाची आणतात रे?"