आमची वाटचाल: शतांश मिलिमीटरचा हिशोब

बोअरिंगचे, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरचे भोक (बोअर) कापून मोठे करण्याचे, यंत्र दारात येण्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे बोअरचा व्यास मोजणारा एक डायल बोअर गेज, ५० ते ७५ मिलिमीटरचा एक मायक्रोमीटर आणि फट मोजायच्या पातळ पानांचा, म्हणजे फीलर गेजचा, एक जुडगा होता. त्या काळात आम्ही फक्त मोजून देत असू. मोटरसायकलचे मेकॅनिक सिलिंडर आणि पिस्टन आणून ठेवत, आणि आम्ही वर, मध्ये व खाली, क्रँकशाफ्टला समांतर आणि काटकोनात, असे सहा आकडे कागदावर लिहून देत असू. वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हल. सर्वांत मोठा आकडा बहुधा पिस्टनभोवतीची वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सापडतो, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो आणि ज्वलनाचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो.

यंत्र घेतले आणि दुसऱ्याच वर्षी, पाच आठवड्यांत, चार इंजिने सीझ होऊन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून, परत आली. चारही बोअर ५७ मिलिमीटरच्या आसपासचे, चारही आमच्या हातून ०.२५ ओव्हरसाईजला, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर मोठे, गेलेले, आणि चारही कागदांवर पिस्टन व बोअरमधली फट ०.०३ मिलिमीटर अशी माझ्याच अक्षरात लिहिलेली. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भागावर, उभे ओरखडे होते आणि पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटले होते.

त्याच सुमारास या धंद्यात उतरलेल्या एका फर्मच्या मालकांनी त्यातला एक पिस्टन मिळवून आपल्या काउंटरवर मांडला आणि येईल त्या मेकॅनिकला तो दाखवला. चूक आमची होती, हे मी तेव्हाही नाकारले नाही आणि आजही नाकारत नाही. परंतु ज्यांनी नव्या पिस्टनला कधी मायक्रोमीटर लावला नाही, जे खोक्यावरचा आकडा वाचून बोअर कापत आणि रिंगची फट न बघताच इंजिन जोडून टाकायला सांगत, त्यांनी आमच्या मोजणीकडे बोट दाखवावे, हे मनाला लागले ते लागलेच. काम निम्म्यावर आले आणि मी बोअरिंगचे यंत्र विकायला काढले.

त्या दिवसांत एक वयस्कर मिस्त्री मात्र येत राहिले. त्यांच्याकडे फीलर गेज आणि एक रिंग यापलीकडे मोजायचे साधन नव्हते. पिस्टनच्या डोक्याने रिंग सरळ ढकलायची, आधी तळाशी आणि मग वर, तिच्या कापलेल्या तोंडांमधली फट मोजायची आणि फरकाला ३.१४ ने भागायचे, व्यास ०.१० ने वाढला की फट ०.३१ ने उघडते, हा हिशोब ते तोंडी करत. एका संध्याकाळी होनिंग, म्हणजे कापलेला बोअर शेवटचा घासून घेणे, आटोपताच त्यांनी आपली रिंग सिलिंडरमध्ये सोडली, तेव्हा ०.३० चे पान सहज गेले. सिलिंडर न्यायला ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि सवयीने त्यांनी पुन्हा रिंग सोडून पाहिली, तर तेच पान अडकले. ते एवढेच म्हणाले, “शेठ, काल हा ऊन होता.”

बिडाचा ५७ मिलिमीटरचा बोअर २० अंशांनी तापला की सुमारे साडेबारा मायक्रॉन, म्हणजे ०.०१२५ मिलिमीटर, फुगतो. म्हणजे यंत्रावरून उतरवताच मोजलेली ०.०३ ची फट थंड झाल्यावर ०.०२ सुद्धा उरत नाही, आणि चालत्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. नुसती मोजणी करत होतो तोवर सिलिंडर थंडच येत असत. यंत्र आल्यावर आम्ही स्वतःच तापवलेला बोअर मोजू लागलो, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आले नव्हते. त्या चारही इंजिनांना आम्ही आमच्या खर्चाने पुढच्या ओव्हरसाईजचे पिस्टन बसवून दिले. यंत्र विकले नाही. नंतरची वर्षे सुरळीत गेली.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगावेसे वाटते की पिस्टन, सिलिंडर आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर राहू द्यावेत, आणि मायक्रोमीटर फार वेळ उघड्या मुठीत धरू नये. पिस्टन स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवरच मोजावा; तो मुळातच किंचित अंडाकृती आणि डोक्याकडे बारीक केलेला असतो, त्यामुळे डोक्याजवळ मोजून त्याला झिजलेला ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. निळा धूर दिसला म्हणून थेट बोअरला हात घालू नये, आधी व्हॉल्व्हची ऑइल सील पाहावीत.

मिस्त्रींनी काम थांबवले तेव्हा ती रिंग आमच्याकडे दिली. ती बोअर गेजच्या पेटीत ठेवलेली आहे. त्या दुसऱ्या फर्मने बोअर केलेले सिलिंडरही अधूनमधून आमच्याकडे फक्त मोजायला येतात. तेही आम्ही रात्रभर टेबलावर ठेवतो आणि सकाळी, वर खोलीचे तापमान लिहून, सहा आकड्यांचा कागद देतो.