आमची वाटचाल : चार साधे माग ते आठ रॅपिअर

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये आणला. आमच्या आजोबांनी 1971 मध्ये चार साधे माग टाकले, तेही उसनवारी करून. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, आपल्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या दर आडव्या धाग्यामागे, मजुरी. वडिलांनी चाराचे चोवीस माग केले, तरी व्यवहार तोच.

साधा माग मिनिटाला साधारण 120 पिकं मारतो. इंचाला 52 पिकांचं कापड असेल तर तासाला साडेतीन मीटर निघतं, तेही कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, बदलायला माग थांबला नाही तर. 2011 मध्ये कर्ज काढून युरोपातून आलेले चार वापरलेले रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, घेतले. मिनिटाला 400 पिकं, म्हणजे तेच कापड तासाला पावणेबारा मीटर! पहिल्या दिवशी वडील घड्याळ घेऊन मागाशेजारी बसून राहिले.

दुसऱ्या आठवड्यापासून रडारड. साध्या मागावर निभावून जाणारं सूत इथे तडातड तुटायचं. चांगलं सूत मागवलं, सुताला खळ लावून देणारा सायझिंगवाला बदलला, तेव्हा कुठे माग सलग चालायला लागले. साधा माग बिघडला तर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, पाना-हातोडी घेऊन तासाभरात चालू करायचा. रॅपिअरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड विजेच्या झटक्याने जळालं, तेव्हा नवीन यायला नऊ दिवस लागले. बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

रॅपिअरला कांडी घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा नसतो, आडवा धागा थेट सुताच्या मोठ्या कोनवरून जातो. त्यामुळे कांडी भरायचं काम कमी झालं. आमच्याकडे कांडीवर तीन बायका होत्या. एकीला कापड तपासायला घेतलं, दोघींना घेता आलं नाही. त्यातली एक वडिलांच्या वेळेपासूनची. ती अजून बाजारात भेटते, विचारपूस करते, आणि मलाच काय बोलावं सुचत नाही.

पुढे गावात बऱ्याच जणांनी रॅपिअर घेतले आणि पिकामागची मजुरी उतरली. मीटर तिप्पट, पण हातात पडणारा पैसा दीडपटही नाही. म्हणून 2017 पासून निम्मे माग स्वतःच्या सुतावर चालवतो. उधारी आणि भावाची जोखीम आता आमची, पण कापड कुणाला विकायचं तेही आम्हीच ठरवतो.

आज आठ रॅपिअर आहेत. साध्या मागांपैकी अठरा भंगारात किलोवर गेले. सहा ठेवलेत, वडील रोज सकाळी त्यांना तेल घालतात.