रायव्हल म्हणजे पाटाचा वाटेकरी

पाऊस सरला की सावंतवाडी-दोडामार्गकडच्या सुपारीच्या बागांसाठी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगड, माती नि पाल्याचा बांध घालतात आणि पाणी पाटाने फिरवतात. पाट एक, बागा चार-पाच, म्हणून पाळ्या ठरलेल्या. वरच्याने पाळी संपल्यावरही आपल्या बागेचं तोंड बुजवलं नाही, की खालच्याची आळी कोरडी आणि तोंडाला तोंड लागतं. इंग्रजीतला 'रायव्हल' अशाच पाटावर जन्मला.

लॅटिन 'रीवस' म्हणजे ओहोळ किंवा पाट. त्यावरून 'रीवालिस', एकाच पाटातून पाणी घेणारा. ही नुसती व्युत्पत्तीची हौस नव्हे, रोमन कायद्यात तशी व्याख्याच आहे. सम्राट जस्टिनियनच्या 533 सालच्या 'डायजेस्ट' या कायदेसंग्रहात, 43व्या भागात, उल्पियन हा कायदेपंडित म्हणतो की अशा दोघांत पाण्यावरून तंटा झाला आणि दोघेही हक्क सांगू लागले, तर मनाई हुकूम दोघांनाही मागता येतो. म्हणजे दोघेही वादी, दोघेही प्रतिवादी. पाटाच्या भांडणाचं इतकं अचूक वर्णन क्वचितच सापडेल!

लॅटिन नाटककारांनी हा शब्द एकाच बाईवर जीव जडलेल्या दोघांना लावला. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, तरी वाटेकरीपण लगेच सुटलं नाही. 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात बर्नार्डो पहाऱ्यावरच्या आपल्या जोडीदारांना 'रायव्हल्स' म्हणतो. तिथे 'प्रतिस्पर्धी' असं भाषांतर केलं की वाक्याचा पार विचका होतो.

हमखास होणारी चूक म्हणजे 'रिव्हर'वरून 'रायव्हल'. 'रिव्हर' आला 'रीपा'वरून, म्हणजे काठावरून. 'अराइव्ह'ही त्यातलाच, मूळ अर्थ काठाला लागणं. 'रीवस'ची खरी भावंडं दोन: 'रिव्ह्युलेट' म्हणजे ओढा, आणि 'डिराइव्ह', म्हणजे मुळात पाटातून पाणी फोडून घेणं.

आपल्याकडे पाण्याऐवजी घर आलं. सवतीसाठी संस्कृतात 'सपत्नी', त्यावरून वैऱ्यासाठी 'सपत्न'. 'भ्रातृव्य' म्हणजे पुतण्या असं पाणिनी एका सूत्रात सांगतो, आणि लगेच पुढच्या सूत्रात (4.1.145) त्याच शब्दाचा अर्थ शत्रू असाही देतो. मराठीतली भाऊबंदकी तर सामायिक सातबारा असलेल्याला समजावून सांगायला नको.

भाषांतर करताना म्हणून एवढं बघावं: दोघांना एकच वस्तू हवी आहे का? एकाच बांगड्याच्या थव्यामागे लागलेले दोन ट्रॉलर रायव्हल. जेटीला विरोध करणारे गावकरी कंपनीचे रायव्हल नव्हेत, त्यांना जेटी नकोच आहे. ते 'अपोनंट', त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच समोर, आड ठेवणं. तिथे सरळ 'विरोधक' लिहावं.