साठीनंतरची रेसर सायकल

गेल्या महिन्यात इथल्या एका सायकलवाल्याने मला सायकल विकायला चक्क नकार दिला, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय, आता तुमची पाळी. पैसे द्यायला मी तयार, सायकल समोर उभी, रंगसुद्धा आवडलेला, आणि हा म्हणतो आज नाही देणार. शनिवार-रविवार घरी घेऊन जा, तुझ्या नेहमीच्या रस्त्यांवर चालव, मग ये आणि कुठे दुखलं ते सांग. डिपॉझिट नाही, कागदपत्र नाही, फक्त नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. स्वतः सत्तरीला आलेला माणूस, अजून दर रविवारी ग्रुपबरोबर शंभर किलोमीटर मारतो. मला खरंच भरून आलं.

सायकल म्हणजे रेसर, खाली वळलेल्या हँडलची. मी एकसष्ट वर्षांची, नेदरलँड्समधल्या आयंडहोवनमध्ये राहून आता बरीच वर्षं झाली, आणि मला रेसर हवी हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाचा चेहरा आधी पडला. मागच्या डिसेंबरात पुण्यात आले होते तेव्हा सहज एका दुकानात गेले तर मालक आतल्या पोराला म्हणाले, काकूंना ती पुढे बास्केटवाली दाखव रे. दादा म्हणाला हायब्रिड घे, आता कशाला वाकायचं. आणि इथे पहिल्या दुकानात शिरले तर माझं वय बघून मला सरळ बॅटरीवाल्या सायकलींच्या रांगेकडेच नेलं. इथे नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींपैकी साधारण निम्म्या आता बॅटरीच्या असतात, ताशी 25 पर्यंत मोटर साथ देते, छान असतात, गुडघे गेलेल्यांना तर वरदानच. पण माझे गुडघे गेलेले नाहीत आणि मी ते मागितलंही नव्हतं. पुण्यातल्या दुकानदार काकांचं मला एवढं लागलं नाही, त्यांच्यात निदान काळजी होती, चहा पण मागवला होता. इथल्या दुकानातल्या पोराने मान वर करून माझं ऐकलंसुद्धा नाही.

आणखी एक राग आहे तो पण सांगून टाकते. इथे नवीन असताना एका बाईंनी, मनाने अतिशय चांगल्या, मला बाहेरून आलेल्या बायकांना सायकल शिकवतात त्या क्लासचं पत्रक आणून दिलं होतं. असे क्लास इथे असतात आणि ते फार मोलाचं काम करतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी पुण्याची! हुजूरपागेत आमच्या वेळी सायकलस्टँडवर सायकल लावायला जागा मिळायची नाही, लक्ष्मी रोडवर सकाळी पोरींच्या सायकलींच्या झुंडी असायच्या, लांब वेण्या, दप्तर कॅरिअरला. सायकलींचं शहर म्हणायचे आपल्याला, उगीच नाही. कर्वेनगरला विक्रम पेंडशांचं सायकलींचं म्युझियम आहे, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. तर त्या बाईंना मी त्या दिवशी फक्त थँक्यू म्हटलं, पण ते पत्रक माझ्या मनातून काही गेलं नाही.

आता मुद्द्याचं. साठीनंतर वळलेलं हँडल कशाला, ताठ बसायची सायकल का नको, हे मला सगळे विचारतात. ताठ बसलं की आराम हे बाजारात जाण्यापुरतं खरं आहे. पण चाळीस-पन्नास किलोमीटर ताठ बसा, सगळं वजन सीटवर, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. आणि सरळ हँडलवर मनगट एकाच कोनात तासन् तास अडकतं, थोड्या वेळाने करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं कारण तळव्याच्या त्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. वळलेल्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा असतात, वरच्या दांड्यावर, ब्रेकच्या मुठींवर, खाली वळणात, आणि दर काही मिनिटांनी जागा बदलता येते. शिवाय इथला वारा. डोंगर नाहीत पण समोरून वारा सुटला की ताठ बसलेला माणूस जागच्या जागी पायडल मारत राहतो. वाकता येणं ही गरज आहे, वय कितीही असो. फक्त किती वाकायचं हे सायकलने नाही, आपल्या पाठीने ठरवलं पाहिजे.

आणि इथेच तो सायकल न विकणारा म्हातारबाबा माझ्यासाठी देवासारखा भेटला. त्याने आधी सायकल दाखवलीच नाही. चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं केलं, पायांमध्ये जाडसर पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायला सांगितलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घेतलं. माझं आलं 72 सेंटीमीटर. त्याला 0.883 ने गुणायचं, म्हणजे साडेत्रेसष्ट, हे पायडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर, सुरुवात इथून करायची. ही जुनी रीत आहे, अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँडमुळे जगभर पसरलेली. मग ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बसवून पाय सगळ्यात खाली असताना गुडघा किती वाकतो ते बघितलं, 25 ते 35 अंशांच्या मध्ये हवा. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजलं आणि त्या रुंदीची सीट लावली. सीट मऊ असली की बरी हा आपला सगळ्यांचा समज आहे ना, ती जाड जेलवाली, तर ती पहिल्या दहा किलोमीटरलाच बरी. मग हाडं त्यात रुततात आणि मऊ भाग नको तिथे दाब देतो. योग्य रुंदीची, जराशी कडकच सीट लांबच्या रस्त्याला सोसते.

त्यानंतर पूर्ण अर्धा तास तो फक्त एका गोष्टीवर बोलला, सीटपासून हात किती लांब पोचवावा लागतो. फ्रेमचे दोन आकडे असतात, स्टॅक आणि रीच. पायडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीचं तोंड किती उंच तो स्टॅक, किती पुढे तो रीच. ज्याला एन्ड्युरन्स म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या फ्रेमचा स्टॅक एकाच साईजला शर्यतीच्या फ्रेमपेक्षा तीन-चार सेंटीमीटर जास्त निघतो. तीन-चार सेंटीमीटर ऐकायला काहीच नाही, पण मानेला विचारा. बघायच्या त्या या एन्ड्युरन्स जातीतल्या, ट्रेकची डोमानी, स्पेशलाइज्डची रूबे, जायंटची डिफाय, कॅननडेलची सिनॅप्स, कॅन्यनची एन्ड्युरेस वगैरे. आणि या सायकली म्हाताऱ्यांसाठी केलेल्या नाहीत हे जरा नीट ऐका. रूबेचं नाव ज्या शर्यतीवरून आलं ती पॅरिस-रूबे 1896 पासून दगडी फरशीच्या भयंकर रस्त्यांवरून होते, आणि 2013 ची ती शर्यत स्विस शर्यतपटू कान्सेलाराने डोमानीवर बसून जिंकली. जगातल्या सर्वात दणकट माणसांना तिथे दणके शोषणारी सायकल लागते, मग आपण मागितली तर त्यात कमीपणा कसला!

माझ्यासारख्या बुटक्या बायकांसाठी आणखी चार गोष्टी, या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. हँडलची रुंदी खांद्याएवढी हवी, मला 38 सेंटीमीटर बसलं, दुकानात उभ्या सायकलींवर बऱ्याचदा 42 असतं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, 165 मिलिमीटरचा घ्या, 172.5 नको, पाय वर येताना गुडघा आणि कंबर कमी दुमडते. ब्रेकची मूठ स्क्रूने जवळ आणता येते, बोटं लहान असली तर हे करून घ्याच. आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का ते बघा, लहान फ्रेमला मोठं चाक असलं की लागतं. ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे. यात मी काटकसर करू देणार नाही कोणाला, कात्रजचा जुना घाट उतरताना बोटांत ताकद किती उरते हे मला माहीत आहे आणि हायड्रॉलिकला एक बोट पुरतं.

टायरबद्दल तर आपल्याकडे प्रत्येकाशी भांडायची माझी तयारी आहे. बारीक टायर आणि टणक हवा म्हणजे वेग, हे डोक्यातून काढा. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उसळतो, ती उसळी आपलं अंग खातं आणि ताकद तिथेच वाया जाते. मी 32 मिलिमीटरचे घेतले, वजन साठच्या आसपास, हवा 50 पीएसआयच्या जवळ. इथल्या जुन्या गावांतल्या विटांच्या रस्त्यांवर फरक लगेच कळला. फ्रेममध्ये 35 चा टायर बसेल एवढी जागा आहे हे आधी विचारून घेतलं, कारण पुण्यात लागणार आहे. महागडी कार्बन फ्रेम घेण्यापेक्षा रुंद टायर घ्या, त्याने जास्त आराम मिळतो, हे माझं ठाम मत आहे. मी ॲल्युमिनिअम फ्रेम आणि कार्बनचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, घेतला, दोन हजार युरोच्या आत. रुपयांत आकडा मोठा दिसतो, दादाने लगेच गुणाकार करून ऐकवलाच. पण मी इथे गाडी ठेवत नाही, पेट्रोल नाही, पार्किंग नाही, आणि इतकी वर्षं घरखर्चातून स्वतःसाठी असं काही मागितलेलं नाही.

गिअरवर मात्र म्हातारबाबाचं आणि माझं जुंपलं. सायकलवर मागे 11-34 ची कॅसेट होती, म्हणजे 11 पासून 34 दातांपर्यंतच्या चाकांची गड्डी, मला 36 पर्यंतची हवी होती, मागे दात जास्त तेवढा गिअर हलका. तो म्हणे इथे 34 सुद्धा कोणाला लागत नाही. बरोबर आहे, या देशाच्या मुख्य भूमीवरचं सर्वात उंच ठिकाण 322 मीटर! त्यांचा तो नावाजलेला काउबर्ग, ॲम्स्टेल गोल्ड शर्यतीतला, एक किलोमीटरच्या आसपासचा चढ, जास्तीत जास्त 12 टक्के, मी चढलेय, चांगला आहे. मी फोनवर त्याला सिंहगड काढून दाखवला. पायथ्यापासून 8-9 किलोमीटरचा घाट, पाचशे मीटरच्या वर चढ, वर गड 1,300 मीटर उंचीवर. बघतच राहिला. मग म्हणाला, हे आधी सांगायचं होतंस, आणि मुकाट्याने 36 लावून दिली. हिशोब सोपा आहे. पुढे 34 दात, मागे 36, मिनिटाला 60 वेळा पाय फिरवले तरी ताशी सात किलोमीटरच्या थोडं वर जाता. जुन्या रेसरला पुढे 39 मागे 25 असायचे, त्याच वेगाला पाय मिनिटाला 36-37 वेळाच फिरतात, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा जोर. गुडघे चढाने दुखावत नाहीत, जड गिअरने दुखावतात. हलका गिअर घेण्यात वयाचा काही संबंध नाही, आणि असला तरी काय झालं, जायंटचे संस्थापक किंग लिऊ यांनी 2007 मध्ये वयाच्या 73 व्या वर्षी तैवानला सायकलने प्रदक्षिणा घातली, 927 किलोमीटर.

इथलं बाकी कौतुक तुम्ही ऐकून असता, लाल डांबराचे वेगळे रस्ते, चौकाचौकात नंबर लावलेल्या पाट्या, त्या नंबरांची चिठ्ठी हँडलला चिकटवली की नकाशा न बघता दिवसभर फिरता येतं. खरं आहे सगळं. सातारा रोडला सायकल ट्रॅक केला आणि त्यावर स्कूटर लागल्या, हेही खरं आहे, मला वाईट वाटतं. पण इथे कोणी हेल्मेट घालत नाही, रेसरवाले सोडले तर, कायद्यातच नाही. आपल्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये हेल्मेटशिवाय कर्वे पुतळ्यापुढे कोणाला निघू देत नाहीत. आणि पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर तीन अनोळखी सायकलवाले थांबतात, इथे लोक हात करून पुढे जातात. सपाट रस्ता इथला घ्यावा, सोबत पुण्याची.

मी कोणती सायकल घेतली ते नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळ्या तीच घ्याल आणि ती माझ्या मापाची आहे. शनिवार-रविवारनंतर परत गेले तेव्हा मानेत उजवीकडे भरून आलं होतं, हात मात्र दुखत नव्हते. त्याने ऐकून घेतलं, स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, 90 मिलिमीटरची काढून 70 ची लावली, खाली एक चकती वाढवली आणि पुन्हा घरी पाठवलं. एक महत्त्वाचं, पुढच्या फोर्कची नळी पहिल्याच दिवशी आखूड कापू देऊ नका. चकत्या कधीही काढता येतात, कापलेली नळी वाढवता येत नाही. तिसऱ्या खेपेला मात्र पैसे घेतले.

हे सगळं मी पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, कारण तिची रेसर दोन वर्षं बाल्कनीत पडून होती, ऑनलाइन घेतलेली, हात बधिर होतात म्हणून सोडून दिलेली. तिला म्हटलं नवी घ्यायच्या आधी ही मापून तरी बघ. फ्रेम जरा मोठीच आहे, ते पूर्ण सुटणार नाही, पण स्टेम 110 ची होती ती 80 ची करून उलटी लावली, हँडल वर आलं, जवळ आलं. टायर 25 चे काढून बसतील ते 28 चे घातले. खर्च नव्या सायकलच्या मानाने काहीच नाही. परवा ती पानशेतपर्यंत जाऊन आली, हात एकदाही झटकावे लागले नाहीत म्हणाली, आवाजातच कळत होतं. फक्त हवेचं ऐकत नाही. पंक्चरवाला शंभर भरून देतो आणि ही भरून घेते, मी म्हणते तुझ्या वजनाला 65 खूप झाली, ती म्हणते तुझ्या तिकडच्या रस्त्यांचं मला सांगू नकोस. डिसेंबरात सायकल खोक्यात घालून येतेय मी. बोपदेवला निघायच्या आधी तिच्या दोन्ही टायरची हवा मी स्वतः सोडणार आहे.